मुशीशिवाय वितळणारा धातू आणि त्याची मोटर

आमचं घर सांगलीकडच्या विट्याचं, सोनं-चांदी गाळणाऱ्या गलाईवाल्यांचं. धातू वितळवायचा म्हणजे भट्टी, मूस, टाकणखार हे लहानपणापासून डोक्यात फिट्ट. त्यामुळे ऑनलाइन मागवलेलं १० ग्रॅम गॅलियम तळहातावर ठेवलं आणि बघता बघता त्याचं पाणी झालं तेव्हा अण्णा, ज्यांची उभी हयात सोनं गाळण्यात गेली, बराच वेळ काही बोललेच नाहीत. सोनं वितळतं १०६४ डिग्रीला, हे २९.७६ ला!

आता याच धातूच्या मायक्रोमोटर, म्हणजे आपल्या आपण पळणारे बारीक कण, अंगात फिरून औषध पोचवणार अशा पोस्टी रोबोटचे फोटो लावून फिरतायत, म्हणून मागची गोष्ट.

गॅलियम आधी कागदावर जन्मलं. रशियन रसायनशास्त्रज्ञ मेंडेलीव्हनं १८७१ मध्ये, आपल्या मूलद्रव्यांच्या तक्त्यात ॲल्युमिनियमच्या खाली एक जागा रिकामी आहे, तिथं अमुक असा धातू असणार, असं सांगून टाकलं. १८७५ ला फ्रान्समध्ये लकॉक द बॉयबोद्रां यांना तो सापडला, पण घनता भरली ४.७ (म्हणजे पाण्याच्या ४.७ पट जड). मेंडेलीव्ह म्हणाला ५.९ च्या आसपास पाहिजे, परत मोजा. नीट शुद्ध करून मोजली तर ५.९ च निघाली. म्हणजे ज्यानं धातू डोळ्यानं बघितला नव्हता त्याचंच खरं झालं.

पळणारा धातू म्हटलं की आपल्याला पारा आठवतो, पण पूर्वी मुलाम्याला पारा वापरायचे तेव्हा त्याच्या धुरानं कारागिरांचे हात थरथरायला लागायचे, तो अंगात कोण घालणार? गॅलियमची वाफ जवळजवळ होतच नाही. फक्त हवेत त्याच्यावर ऑक्साइडची पातळ साय धरते आणि ते चिकटून बसतं, ॲसिडमध्ये किंवा कॉस्टिक सोड्यात साय विरघळली की थेंब मोकळा.

दुसरीकडं बारक्या मोटरींचा वेगळाच खटाटोप चालला होता. भौतिकशास्त्रज्ञ फाइनमननं १९५९ च्या भाषणात 'सर्जनच गिळून टाकायचा', म्हणजे बारकं यंत्र अंगात सोडून ऑपरेशन करायचं, ही मित्राची आयडिया सांगितली. दुसरा भौतिकशास्त्रज्ञ पर्सेल, त्यानं १९७७ मध्ये दाखवलं की बॅक्टेरियाएवढ्या जिवाला पाणी म्हणजे काकवीच, हातपाय थांबले की तो एका अणूएवढंही पुढं सरकत नाही. म्हणजे इंजिन सतत चालू पाहिजे. २००४ मध्ये अमेरिकेत पेन स्टेट विद्यापीठात सोनं-प्लॅटिनमच्या २ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लांब काड्या आपल्या आपण पळवल्या, पण इंधन काय, तर हायड्रोजन पेरॉक्साइड, जखमेवर ओतलं की फेसाळतं तेच. ते रक्तात भरून कसं चालेल?

खरी गंमत इथं आहे. गॅलियमचा थेंब मी ॲल्युमिनियम फॉइलवर ठेवला, दुसऱ्या दिवशी फॉइलचा पापडासारखा चुरा. (स्वयंपाकघरातल्या पातेल्यापासून लांब ठेवा, मी आईच्या शिव्या खाल्ल्यात.) ॲल्युमिनियमला वाचवणारा ऑक्साइडचा थर गॅलियममुळं निकामी होतो, मग ते साध्या पाण्याशीही भिडतं आणि हायड्रोजनचे बुडबुडे सुटतात. अमेरिकेत सॅन दिएगोच्या विद्यापीठात जोसेफ वांग यांच्या ग्रुपनं २०१२ मध्ये नेमकं हेच वापरलं. या दोन धातूंचे २० मायक्रॉनचे गोळे घेतले, एक बाजू झाकली, बुडबुडे दुसरीकडूनच, गोळा सेकंदाला ३ मिलिमीटर. इंधन पाणी!

२०१५ मध्ये बीजिंगच्या त्सिंगहुआ विद्यापीठात लिऊ जिंग यांच्या टीमनं गॅलियमच्या मिश्रधातूच्या थेंबाला ॲल्युमिनियमचा तुकडा चारला आणि तो तासाभराहून जास्त पळत राहिला. बुडबुडे असतातच, शिवाय थेंबाच्या दोन टोकांचा पृष्ठताण वेगळा होतो म्हणून तो ओढला जातो. पण हे सगळं कॉस्टिक सोड्यात, हे पोस्टी टाकणारे सांगत नाहीत. त्याच वर्षी वांग यांच्या ग्रुपनं उंदराच्या पोटातल्या ॲसिडवर मोटर चालवली, पण ती जस्ताची होती, गॅलियमची नाही. २०१८ ला गॅलियमच्या सुया आल्या, त्या अल्ट्रासाउंडनं ढकलायच्या, म्हणजे इंधनाची भानगडच नको.

अण्णांना हे सगळं सांगितलं. सोनाराच्या दुकानातल्या केराची राख गाळून सोनं काढणारा माणूस तो, त्यानं विचारलं, "ॲल्युमिनियम संपल्यावर मागं काय उरतंय रं?"

मी म्हटलं, ॲल्युमिनियमचा हायड्रॉक्साइड, आणि गॅलियम. ॲसिडमध्ये गॅलियम हळूहळू विरघळतं. त्याचा एक क्षार तर अमेरिकेत १९९१ पासून काही वर्षं कॅन्सर पेशंटचं वाढलेलं कॅल्शियम उतरवायला औषध म्हणून दिला जायचा.

"आणि बाकीचं कुठनं गाळून काढायचं?"