पाणकणीस

पाणकणीस किंवा रामबाण (प्रजाती टायफा) ही दलदलीत आणि संथ पाण्याच्या काठाने दाट वाढणारी बहुवर्षायू वनस्पती आहे. उंची बहुधा १.५ ते ३ मी. असते. कोंब, हिरवे कणीस, पराग आणि चिखलातले आडवे खोड (मूलक्षोड) हे तिचे खाद्य भाग होत. इटलीत बिलांचिनो येथे सापडलेल्या सुमारे ३०,००० वर्षांपूर्वीच्या दळण्याच्या दगडावर तिच्या स्टार्चचे कण मिळाले आहेत.

कोवळेपणी वेखंड आणि विषारी आयरिस यांच्याशी गफलत होते. वेखंडाचे पान चुरडताच उग्र वास येतो, आयरिसचा बुंधा चपटा असतो. पाणकणसाचा बुंधा लंबगोल व पान बिनवासाचे. गेल्या हंगामाची तपकिरी कणसे त्याच झुडपात उभी असल्याखेरीज काढू नये. सांडपाण्याच्या जागा तर पूर्ण वर्ज्य, कारण ही वनस्पती शिसे व कॅडमियम शोषून घेते आणि ते उकळून जात नाही.

कोंब गुडघाभर उंचीचे असताना बाहेरची पाने बाजूला सारून गाभा बुडाशी धरून सरळ वर ओढतात. पांढरा, नखाने सहज तुटणारा भाग १० मिनिटे उकडतात. कच्चा खाल्ल्यास पाण्यातील परजीवी पोटात जाण्याचा धोका असतो.

मूलक्षोडात स्टार्च सर्वांत जास्त असतो तो पाने वाळल्यापासून नवे कोंब फुटेपर्यंत. धुऊन बाहेरचा स्पंजासारखा थर सोलावा, आतला पांढरा गाभा थंड पाण्यात कुस्करून धागे पिळून काढावेत. तास-दोन तासांत तळाशी साका बसतो. निवळी ओतून पुन्हा पाणी घालावे. असे दोनदा केले की चिखलाचा वास जातो. गरम पाणी वापरले तर स्टार्च फुगून खळ होते आणि साका बसतच नाही. रात्रभर ठेवल्यास आंबते. धागे न काढता खाल्ल्यास पोट बिघडते.

हिरवे नर-कणीस (दांड्याच्या टोकाचा, पराग देणारा भाग) आवरणात असतानाच उकडून मक्याप्रमाणे दातांनी खातात. ते पिवळे पडल्यावर पराग मिळतो, पण मोजके दिवसच. वारा-पाऊस आला की गेला. कोरड्या दिवशी कणीस पिशवीत वाकवून झटकावे, बारीक चाळणीने किडे व तंतू काढावेत आणि लगेच वाळवावे, नाहीतर बुरशी धरते. दक्षिण इराकच्या पाणथळ भागात याची साखर घालून वाफवलेली पिवळी मिठाई होते. पराग पाण्यात भिजत नाही, गुठळ्या तरंगतात; म्हणून आधी कोरड्या पिठात, तीन भागांस एक भाग, मिसळावा. त्यात चिकटपणा नसल्याने प्रमाण वाढवले की भाकर फुटते.