कापूस दिसला म्हणजे बुरशीच असं नाही

मुरबाड-शहापूरकडच्या शेततळ्यांत बंगालहून पंगस माशाचं बीज, म्हणजे पिल्लं, उतरलं, की चार दिवसांत कुणाचा तरी फोटो येतो: बोटुकलीच्या (बोटाएवढ्या पिल्लाच्या) पाठीवर पांढरा कापूस. सोबत ठरलेला प्रश्न, "बुरशीवर काय टाकू?" मी आधी विचारतो, पाणी किती गरम आहे?

बुरशी म्हणतात ती सॅप्रोलेग्निया. (शास्त्रात तीही खरी बुरशी नाही, पण ते असो.) तिला थंड पाणी मानवतं आणि ती बहुधा जुन्या जखमेवर बसते. धागे लांब, पाण्यात मोकळे पिंजलेले. मासा बाहेर काढला की त्यांचा लगदा होतो. दुसरा कापूस जिवाणूचा, कॉलम्नॅरिसचा. हा आखूड, पिवळसर, लेपासारखा चिकटलेला असतो. पाठीवर खोगीर घातल्यासारखा फिकट पट्टा उमटतो, तोंड झिजतं. कधी नुसते कल्लेच कुजतात. अंगावर काही दिसायच्या आत दोन दिवसांत टाकी रिकामी. पाणी २५ अंशांच्या वर गेलं की याचा जोर वाढतो. ऑक्सिजनच्या पिशवीत दाटीनं प्रवास करून घासलेली कातडी त्याला आयतीच मिळते. म्हणून ठाण्याच्या उन्हाळ्यात माझा पहिला संशय जिवाणूवर.

खात्री सूक्ष्मदर्शकाखालीच होते. जखमेचा खरवड पाण्याच्या थेंबात ठेवला की कॉलम्नॅरिसचे लांबट जिवाणू एकावर एक चढून रास करतात, थेट खळ्यातली भाताची उडवी. अमेरिकन मत्स्यशास्त्रज्ञ डेव्हिसनं १९२२ मध्ये या खांबांसारख्या राशींवरूनच नाव दिलं. सॅप्रोलेग्नियाचे जाड, फाटे फुटलेले धागे मात्र कमी भिंगातही ओळखू येतात.

घोळ महागात पडतो तो औषधात. प्रतिजैविकानं बुरशी हलत नाही. दुकानदार देतो ते मॅलॅकाइट ग्रीन तर खाण्याच्या माशांना वापरायला मनाईच आहे. मिठाचा दोन्हीकडे थोडा उपयोग होतो, पण नवं बीज दोन-तीन आठवडे वेगळ्या टाकीत, वेगळ्या जाळ्यानं हाताळलेलं बरं.

वेगळं ठेवलेलं बीज वरून स्वच्छ दिसतंय म्हणून मात्र निर्धास्त होऊ नका. व्हिएतनामच्या मेकाँग खोऱ्यातल्या पंगसला १९९० च्या दशकाअखेरीपासून छळणारा एडवर्डसिएला हा जिवाणू कापूस दाखवतच नाही. त्याचे पांढरे ठिपके यकृतावर, मूत्रपिंडावर असतात. दोन मेलेली पिल्लं चिरून बघावीच लागतात.