बुडालं तर कोणाचं?

उद्योगनेत्याचे गुण सांगताना ‘जोखीम घेण्याची तयारी’ हमखास निघते. जुन्या व्यापाराच्या नोंदी पाहिल्या तर धाडसाचं कौतुक फारसं आढळत नाही. बुडीत कोणी सोसायचं, हे मात्र बारकाईनं ठरवलेलं असतं.

इ.स.पू. १८व्या शतकातल्या बाबिलोनच्या राजा हम्मुराबीच्या कायद्यानुसार, फिरत्या व्यापाऱ्याचा माल वाटेत शत्रूनं लुटला, तर देवाची शपथ घेऊन तो देण्यातून मोकळा होई. इ.स.पू. चौथ्या शतकातल्या अथेन्समध्ये जहाज बुडालं की त्यावरचं कर्जही बुडे, म्हणून व्याज जबर. तिथल्या एका करारात हजारी २२५ असा दर आहे. परतीचा प्रवास स्वातीच्या उदयानंतर, म्हणजे वादळी दिवसांत सुरू केला तर ३००. धोक्याचा भाव असा आकाशाकडे बघून ठरत होता! पुढे व्हेनिस आणि जिनोआत भांडवल एकाचं, प्रवास दुसऱ्याचा अशी भागी रूढ झाली. सगळा पैसा घरी बसलेल्या भागीदाराचा असेल तर सहसा तीन चतुर्थांश नफा त्याला, एक चतुर्थांश समुद्रावर जाणाऱ्याला. भांडवल बुडालं तर पहिल्याचं. दुसऱ्याचा जीव पणाला लागलेला असेच.

या हिशेबाला खरं वळण मिळालं १८५५मध्ये. ब्रिटनच्या कायद्यानं कंपन्यांना मर्यादित दायित्वाची वाट मोकळी केली. भागधारकाचं नुकसान त्याच्या भागापुरतंच. आधीची स्थिती किती कठोर होती, हे अमर्याद दायित्वाच्या सिटी ऑफ ग्लासगो बँकेनं १८७८मध्ये दाखवलं. बँक बुडाली आणि बहुतेक भागधारक देशोधडीला लागले. मर्यादित दायित्वाशिवाय मोठे कारखाने उभे राहणं अवघड होतं, हे खरंच. पण धाडस स्वस्तही झालं, आणि माझ्या मते नेतृत्वाच्या चर्चेत ही बाजू फार कमी येते.

जोखीम उद्योजकाची की नाही, यावर अर्थशास्त्रज्ञांचंही एकमत नव्हतं. कँटिलॉनच्या १७५५मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात उद्योजक म्हणजे ठरलेल्या भावात घेऊन अनिश्चित भावात विकणारा. शुम्पेटरला ते पटलं नाही: जोखीम पैसा लावणाऱ्याची, उद्योजकाचं काम नवं काही घडवणं. फ्रँक नाइटनं १९२१मध्ये आणखी बारीक भेद केला. ज्याची शक्यता मोजता येते त्याचा विमा उतरवता येतो. जे मोजताच येत नाही तिथे निर्णय घेऊन त्याची जबाबदारी पत्करणं, नफा त्याबद्दलचा. नेतृत्वाचा कस लागतो तो इथे.

१९३२मध्ये बर्ल आणि मीन्स या अभ्यासकांनी अमेरिकी कंपन्यांत मालक वेगळे आणि कारभारी वेगळे झाल्याचं दाखवलं. दोघांचं हित जुळावं म्हणून पुढे अधिकाऱ्यांना पगारासोबत शेअर-पर्याय, म्हणजे ठरलेल्या भावात कंपनीचे शेअर पुढे घेण्याचा हक्क, देण्याचा सपाटा सुरू झाला. अमेरिकेतल्या १९९३च्या करबदलानं त्याला जोर दिला. भाव चढला तर अधिकाऱ्याचा फायदा, पडला तर पर्याय नुसता निरुपयोगी, खिशातून काही जात नाही. २००८च्या आर्थिक संकटानंतर दिलेला बोनस परत घेण्याचे नियम आले. अमेरिकेत २०२२मध्ये मंजूर झालेला त्यातला एक नियम हिशेब चुकीचे निघून दुरुस्त करावे लागले तरच लागू होतो. निर्णय नुसता फसला, तर नाही.