कोबोल्ड : जर्मन घरांतून खेळांच्या भुयारांत

फँटसी खेळांत नवख्या खेळाडूच्या वाट्याला सुरुवातीलाच येणारा बुटका, खवलेदार कोबोल्ड मुळात सरपटणारा प्राणी नव्हताच. जर्मन लोककथांत तो घरात वस्तीला असलेला, बहुधा न दिसणारा आत्मा आहे. रात्री भांडी घासायची, घोड्यांना खरारा करायचा, बदल्यात रोजचं खाणं घ्यायचं. ते चुकलं किंवा कुणी त्याची टर उडवली, तर त्या घराची धडगत नसे.

यातली सर्वांत तपशीलवार कथा जर्मनीतल्या हुडेम्यूलेनच्या गढीतल्या हिंझेलमान नावाच्या कोबोल्डची. फेल्डमान नावाच्या पाद्र्याच्या नोंदींनुसार 1584 ते 1588 तो तिथे राहिला. त्याला वेगळी खोली आणि छोटी खुर्ची होती. दुधात पाव कुस्करलेला वाडगा रोज ठेवला जाई. कंटाळून मालक हानोव्हरला निघाला, तर हा पांढरं पीस होऊन गाडीसोबत उडत गेला! ग्रिम बंधूंनी 1816च्या दंतकथासंग्रहात ही कथा घेतली, हे त्यांचे मोठेच उपकार.

दुसरा कोबोल्ड खाणीतला. जर्मनीतल्या एर्झगेबिर्गच्या डोंगरांत चांदीचं वाटणारं खनिज भट्टीत घातलं, की चांदी नाहीच, वर आर्सेनिकचा विषारी धूर. खाणकामगार याचा दोष कोबोल्डला देत. 1730च्या दशकात स्वीडनच्या गेओर्ग ब्रांटने त्या खनिजातला नवा धातू ओळखला, तोच कोबाल्ट.

1974 साली ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलाभोवती बसून खेळायच्या भूमिका-खेळात कोबोल्ड आला तो गॉब्लिन या बुटक्या राक्षसाचा दुबळा भाऊबंद म्हणून. 1977च्या त्या खेळाच्या राक्षस-सूचीत त्याला खवले, शिंगं आणि चित्रात कुत्र्यासारखं तोंड मिळालं. जपानी खेळांनी ते कुत्र्याचं तोंडच उचललं. मूळ खेळाने मात्र 2000च्या तिसऱ्या आवृत्तीत त्याचं नातं ड्रॅगनशी जोडलं.

माझ्या मते याहून महत्त्वाचं वळण 1987चं. याच खेळाच्या ‘ड्रॅगन’ मासिकाच्या एका संपादकीयात टकर नावाच्या खेळ-संचालकाचे, म्हणजे खेळातली गोष्ट आणि राक्षस चालवणाऱ्याचे, कोबोल्ड भेटतात. अंगात बळ नाही, पण अरुंद बोगदे, सापळे, आग आणि धूर यांच्या जोरावर ते कसलेल्या वीरांना पळवून लावतात. खाणकामगार ज्याला घाबरत, तो कोबोल्ड मला इथे पुन्हा दिसतो. 2004च्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या संगणक-खेळातही तो डोक्यावर मेणबत्ती लावून खाणीतच राबतो. घरातल्या कोबोल्डला मात्र या खेळांनी फारशी जागा दिली नाही, आणि त्याची मला मनापासून हळहळ वाटते. त्याच्याशी लढायचं नसतं, त्याची मर्जी सांभाळायची असते.