जिथे एक भूपट्ट दुसऱ्याखाली जातो

वादळ, पूर, दुष्काळ ही हवा-पाण्याची करणी; त्यामागे सूर्याची उष्णता असते. भूकंप आणि ज्वालामुखी मात्र पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेवर चालतात. दरडी पावसानेही कोसळतात आणि भूकंपानेही.

पृथ्वीचे वरचे कठीण कवच अखंड नाही. ते साधारण १०० किलोमीटर जाडीच्या भूपट्टांत विभागलेले आहे आणि हे पट्ट वर्षाला काही सेंटिमीटर सरकतात. खंड सरकतात हे आल्फ्रेड वेगेनर यांनी १९१२ मध्येच मांडले होते, पण कशाच्या जोरावर, हे त्यांना पटवून देता आले नाही. आज कळते ते असे: थंड होऊन जड झालेला समुद्रतळ कडेला स्वतःच्या वजनाने खाली जातो आणि मागचा पट्ट ओढून नेतो.

अटलांटिकच्या मधोमध पट्ट एकमेकांपासून दूर जातात. तिथले भूकंप बहुधा मध्यम. कॅलिफोर्नियातल्या सान अँड्रियास भ्रंशावर, म्हणजे जमिनीतल्या लांबलचक भेगेवर, ते एकमेकांना घासून जातात आणि मोठे भूकंप होतात. पण सर्वाधिक धास्ती वाटावी अशी जागा म्हणजे बुडणारी कड. खाली जाणाऱ्या खडकातले पाणी वरच्या तप्त खडकात शिरते, त्याचा वितळणबिंदू उतरतो आणि किनाऱ्याला समांतर ज्वालामुखींची रांग उभी राहते. शिवाय दोन्ही पट्ट एकमेकांत अडकून बसतात. वरचा पट्ट शेकडो वर्षे वाकत राहतो आणि एके दिवशी सुटतो. समुद्रतळ उसळतो, त्सुनामी निघते. २००४ मध्ये सुमात्राजवळ आणि २०११ मध्ये जपानजवळ हेच घडले.

अशी कड दीर्घकाळ शांत राहू शकते, आणि तिथेच फसगत होते. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यालगत कॅस्केडिया नावाची अशीच बुडणारी कड आहे. तिथे महाभूकंपाची लेखी नोंद नव्हती, त्यामुळे धोका नसावा असे अनेक तज्ज्ञांनाही वाटे. मग किनाऱ्यावर, भरतीचे पाणी चढते तिथे, उभी वाळलेली सीडार झाडे अभ्यासली गेली. जमीन अचानक खचली आणि मुळाशी खारे पाणी आले, म्हणून ती मेली होती. खोडातले शेवटचे वर्तुळ १६९९ च्या वाढीचे निघाले. तिकडे जपानी दप्तरांत जानेवारी १७०० मधल्या अशा त्सुनामीची नोंद होती, जिच्याआधी कोणाला भूकंप जाणवलाच नव्हता. दोन्ही धागे जुळले: २६ जानेवारी १७०० च्या रात्री कॅस्केडियाची कड सुटली होती, तीव्रता सुमारे ९.

हे पट्ट आज पुन्हा अडकलेले आहेत. किनारा आतल्या बाजूला ढकलला जात असल्याचे जीपीएसच्या मोजमापात दरवर्षी दिसते.