बदला व्यवहार

बदला व्यवहार : शेअरच्या खरेदीचे पैसे किंवा विकलेले शेअर ठरलेल्या मुदतीत न देता सौदा पुढील मुदतीवर ढकलण्याची मुंबई शेअर बाजारातील जुनी पद्धत. सरकारने १९६९ मध्ये शेअरच्या वायदे व्यवहारांवर बंदी घातली, तरी सौदा पुढे नेण्याची दलालांची गरज संपली नाही आणि ती बदल्याच्या रूपाने भागत राहिली. ही सवलत सर्व शेअरना नव्हती. भरपूर उलाढाल असलेल्या 'अ' गटापुरतीच ती मर्यादित होती.

मुदतीच्या अखेरीस बाजार प्रत्येक शेअरचा हिशेबी भाव जाहीर करी. त्यास हवाला भाव म्हणत. भाव चढेल या अपेक्षेने खरेदी करणाऱ्या तेजीवाल्याजवळ पैसे नसल्यास त्याचा जुना सौदा या भावाने मिटवून त्याच भावाने पुढील मुदतीसाठी नवा सौदा नोंदला जाई, मधला फरक रोख चुकवला जाई आणि त्याच्या वतीने तूर्त पैसे भरणाऱ्या वित्तपुरवठादाराला बदल्याचा दर मिळे. समजा, हवाला भाव ५०० रुपये आणि आठवड्याचा बदला २ रुपये आहे. वरवर क्षुल्लक वाटणारी ही रक्कम वर्षाच्या हिशेबात २० टक्क्यांहून अधिक व्याज होते. म्हणून बदल्याला शेअरचा भाव न मानता उसन्या पैशाचे मोल मानणेच योग्य. याउलट जवळ नसलेले शेअर विकणाऱ्या मंदीवाल्यांची संख्या वाढून शेअरचाच तुटवडा पडला, तर दर उलटे आणि मंदीवाल्यालाच पैसे मोजावे लागत. हा 'उंधा बदला'. शनिवारच्या खास सत्रात ठरणाऱ्या या दरांवरून बाजार कोणत्या बाजूला कलला आहे, हे जाणकार ओळखत.

थोड्या रकमेवर मोठे सौदे वाहता येत असल्याने सट्ट्याला ऊत येई, आणि भाव कोसळले की एका दलालाची थकबाकी इतरांनाही गोत्यात आणी. शेअर बाजारावर नियंत्रण ठेवणाऱ्या सेबी या संस्थेने डिसेंबर १९९३ मध्ये ही पद्धत बंद केली, नंतर निर्बंधांसह तिला पुन्हा परवानगी दिली. परंतु २००१ च्या घसरणीनंतर २ जुलै २००१ पासून ती कायमची थांबली. तिची जागा शेअरवरील फ्युचर्स (ठरलेल्या भावाने पुढील तारखेस पुरे करायचे सौदे) आणि ऑप्शन्स (ठरलेल्या भावाने खरेदी वा विक्री करण्याचा हक्क देणारे, पण बंधन न घालणारे करार) यांनी घेतली. फ्युचर्समधील सौदा पुढच्या महिन्यात नेण्यास आता 'रोलओव्हर' म्हणतात. मात्र त्यात व्याज वेगळे आकारले जात नाही, ते दोन महिन्यांच्या भावांतील फरकातच सामावलेले असते.