चमच्यातला ‘च’ आणि जपानी आभार

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जिथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्या नागपूरच्या दीक्षाभूमीवर जपान, थायलंड, श्रीलंका येथील उपासकही येतात. त्यांचे त्यांच्याच भाषेत आभार मानावेत म्हणून एखाद्याने ‘आरिगातो गोझाइमासु’ हे शब्द वहीत उतरवून घेतले, तरी उच्चार मात्र वहीत उतरत नाही. ‘झा’ दिसताच मराठी वाचक ‘झाड’मधला महाप्राण, म्हणजे ‘ह’ मिसळलेला ध्वनी, उच्चारतो, जपानी ध्वनी प्रत्यक्षात ‘जाणे’मधल्या ‘ज’च्या जवळचा आहे. अखेरच्या ‘सु’मधला उकार टोकियोच्या बोलीत स्वरतंतू न कंपता श्वासातच विरतो, त्यामुळे कानावर ‘मास’ एवढेच पडते.

‘त्सुनामी’चा आरंभ तर आपल्या ‘चूल’ या शब्दात तयारच आहे. नागपूरकराला हे विशेष सोपे जावे, कारण तो मराठीत ‘चमचा’ म्हणताना जिभेचे टोक दातांमागे नेतो आणि हिंदीत तोच ‘चमचा’ म्हणताना जीभ टाळूकडे सरकवतो. दिवसातून कितीदा तरी, नकळत.

अडचण जिभेपेक्षा कानाची अधिक असते. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत इंग्रजीभाषक घरांतील सहा ते आठ महिन्यांची बहुतेक बाळे हिंदीतील दंत्य ‘त’ आणि मूर्धन्य ‘ट’ यांतील फरक ओळखत होती, परंतु दहा ते बारा महिन्यांच्या बाळांत ही क्षमता बरीच ओसरलेली आढळली. मातृभाषेत जो भेद अर्थ बदलत नाही, त्याकडे मेंदू लक्ष देणे कमी करतो. जपानीत ‘ट’ नाही आणि ‘भ’ही नाही, म्हणून पाहुण्याच्या तोंडी ‘भेटू’चे ‘बेतू’ झाले, तर तो निष्काळजीपणा समजू नये.

थाई भाषेत कसोटी आपली लागते. ‘सवत्दी’ हे अभिवादन आपल्या ‘स्वस्ति’पासून आलेले, आणि त्यापुढे पुरुष जोडतात तो ‘खाप’ व स्त्रिया जोडतात तो ‘खा’ यांतला ‘ख’ही आपल्या ओळखीचा, पण या भाषेत पाच सूर आहेत आणि सूर बदलला की अर्थ बदलतो. पुरुषाने ‘खाप’ उंच सुरात म्हणून ओठ मिटलेलेच ठेवावेत. स्त्रीने ‘खा’ म्हणताना सूर वरून खाली आणावा, कारण तो उंचच राहिला तर ऐकणाऱ्याला प्रश्न विचारल्यासारखे वाटते.